छत्रीची कड

मंदीत नोकरी गेली आणि बाबांना फोटोंचा नाद लागला. आखातातल्या उम्म अल कुवैनमध्ये हिवाळ्यात कधी चार थेंब पडले, की ते कॅमेरा घेऊन बाजारात पळायचे. मागोमाग आई, कॅमेऱ्यावर छत्री धरायला. ती ठेंगणी, त्यामुळे न्हावी असो की मासळीवाला, प्रत्येक फोटोत वर छत्रीची निळी कड यायचीच.

"बाईसाहेब, गाव दिसू द्या की जरा!" बाबा चिडवायचे.

"आधी कॅमेरा कोरडा राहू दे. गाव कुठे पळून चाललंय?"

आई गेल्यानंतर काल पहिल्यांदाच पाऊस आला. तीच छत्री मी धरली, चांगली उंच. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, पण बटण दाबलं नाही.

"थोडी खाली घे गं."

"फोटोत येईल, बाबा."

"येऊ दे."