सुगिमोरीचं गाणं

बेसबॉलच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पेलिकन्सचे दोन गडी बाद झाले आणि उजव्या स्टँडमधल्या चिझुरूबाईंनी ओठ ओले करून ट्रम्पेट उचललं. आणखी एक बाद की खेळ खलास, आणि आपण एका धावेने मागे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपली दोन माणसं घरी, म्हणजे होम बेसवर, पळायला टपलेली; एक जण पोचला की एक धाव. हंगामातला हा अखेरचा सामना. जिंकला तर चषक आपला, हरला तर बेअर्सचा.

आणि बॅट घेऊन आला कोण, तर तोकुनागा!

"झालं! बोंबला आता," शेजारी ढोलावर असलेला मोरिताके कण्हला. मोरिताके बंदरावर मासळी विकतो. त्याच्या आवाजाने टोपलीतले मेलेले मासेही दचकतात.

सकाळपासून चिझुरूबाईंचं मन आंबलेलं होतं. संघ म्हणून आता उरलं होतं काय? कॅचर गुडघे धरून घरी बसला. डावखुरा पिचर अमेरिकेला गेला. आणि यंदा तर मालकांनी कहरच केला, सुगिमोरीला बेअर्सना देऊन टाकलं आणि बदल्यात हा तोकुनागा घेतला. सुगिमोरीला! कपडे तेच निळे, पण आत बघावं तर सगळे पाहुणे. हा सामना झाला की ट्रम्पेट कायमचं खाली ठेवणार, असं त्या मोरिताकेला सांगून बसल्या होत्या. ओळख ना पाळख, त्यांच्यासाठी छाती फोडायची कशाला?

या स्टँडमध्ये प्रत्येक खेळाडूला स्वतःचं गाणं असतं. खेळाडू गेला की गाणंही गेलं, ते दुसऱ्याला कधी देत नाहीत. नव्या माणसाने आधी काही करून दाखवायचं, मग त्याला गाणं मिळतं. तोवर सगळ्यांचं मिळून एक साधं गाणं आहे, त्यावर भागवायचं. तोकुनागाचं अजून त्याच्यावरच चाललं होतं. आणि सुगिमोरीचं गाणं तर चिझुरूबाईंनीच बांधलेलं, सलूनमध्ये गिऱ्हाइकांचे केस कापता कापता गुणगुणून.

त्यांनी डोळे मिटले आणि जीव लावून फुंकलं.

निघालं ते सुगिमोरीचं गाणं.

बोटांना कुठे कळतं कोण गेलं आणि कोण आलं! शेवटचा डाव, दोन बाद, पाठीवर सहा नंबर, सुगिमोरीचा होता तोच. अशा वेळी बोटं वर्षानुवर्षं हेच वाजवत आली होती. मोरिताकेचा ढोलही सवयीने मागोमाग धावला. निम्मा स्टँड ओरडला, "हाण रे हाण, सुगिमोरी!" आणि मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. अख्खं मैदान चिडीचूप झालं.

पलीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, बेअर्सच्या तपकिरी कपड्यांत सुगिमोरी चेंडू अडवायला उभा होता. त्याने मान वळवली आणि तो उजव्या स्टँडकडे बघतच राहिला.

"अहो ताई, काय केलंत हे!" मोरिताके ओरडला.

"मेले मी," चिझुरूबाई पुटपुटल्या. त्यांचे कान तापले. समोरच्या संघातल्या माणसाला सलामी दिली होती, आणि आपल्या माणसाची भर मैदानात शोभा केली होती.

तोकुनागाने पंचाला हात दाखवला आणि तो रेघेबाहेर आला. आता हा बॅट आपटणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्याने बॅट काखेत मारली, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ट्रम्पेट वाजवल्यासारखं केलं आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. वाजवा की! थांबलात कशाला?

"बघा, बघा! दुसऱ्याचं गाणं मागतोय," मोरिताके म्हणाला. "काय माजोरडा आहे!"

"आहेच मेला माजोरडा," चिझुरूबाई म्हणाल्या आणि किती तरी दिवसांनी त्यांना खदखदून हसू आलं. "बडवा ढोल!"

त्यांनी पहिल्या सुरापासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला समजून उमजून, गालांच्या शिरा फुगेपर्यंत. आधी दोनचार आवाज आले, मग रांगच्या रांग उठली, मग सगळा स्टँड ओरडू लागला, "हाण रे हाण, तोकुनागा!"

पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा सोडला नाही. खाडकन आवाज झाला आणि चेंडू थेट सुगिमोरीच्या बाजूला निघाला. सुगिमोरीने कसूर केली असं कोणी म्हणू नये. त्याने अंग झोकून दिलं, पार मातीत आडवा झाला. ग्लोव्हच्या टोकाला चाटून चेंडू मागच्या हिरवळीत गेला. एक जण घरी आला. दुसरा लोळत, कॅचरला चुकवून, हात लांब करून घरी आला.

जिंकलो! बिअर उडाली, टोप्या उडाल्या, कोण कोणाच्या गळ्यात पडलं याचा पत्ता नाही. मोरिताके ढोल कवटाळून ढसाढसा रडत होता. खाली निळ्या कपड्यांच्या घोळक्याने तोकुनागाला उचलून वर फेकलं, झेललं, पुन्हा फेकलं. आणि सुगिमोरी उठला, गुडघ्यांवरची माती झटकली, जाता जाता टोपी काढून उजव्या स्टँडपुढे वाकला. चिझुरूबाईंना हुंदका आवरेना. त्या दोघांसाठीही रडल्या, कोणाचीही लाज न बाळगता.

"घ्या, ताई," मोरिताके डोळे पुसत म्हणाला, "तुमचं गाणं शेवटी त्या पोराने पटकावलंच!"

"छट्!" चिझुरूबाईंनी नाक पुसलं. "ते सुगिमोरीचं. तो कुठेही खेळो, त्याचंच. या पोराला ते फार संथ पडतं. याला नवं बांधायला हवं, आणि तेही नवा हंगाम सुरू व्हायच्या आत."