दुसरी झडती

दुर्गाबाईंच्या लालबागच्या खोलीची झडती झाली, त्यांच्या मुलाच्या, गंधारच्या, कॉलेजच्या सॅकमध्ये गर्दची पुडी सापडली, आणि तेव्हा कुठे हवालदार मेस्त्रींच्या लक्षात आलं की मोबाईलवर शूटिंगचं बटण दाबायचंच राहिलं. नव्या कायद्याने झडतीचं शूटिंग सक्तीचं. फौजदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. पंच म्हणून आणलेले दोघे शेजारी कामावर जायचं म्हणून चुळबुळायला लागले.

"काकू, सगळं होतं तसं परत लावा. पुडीसुद्धा," मेस्त्री म्हणाले. "पहिल्यापासून करू." रिटायरमेंटला चार महिने उरलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं.

साहेब फोनवर बोलत गॅलरीत गेले. मेस्त्री उंबऱ्यावरच टेकले, त्यांचे गुडघे दुखत होते. आत दुर्गाबाई एकेक साडीची घडी घालत राहिल्या. गंधार भिंतीकडे तोंड करून बसला होता.

दुसऱ्या वेळी मेस्त्रींनी बटण दाबून लाल ठिपका नीट बघून घेतला. सॅकमधून वह्या, डबा आणि छत्री निघाली. साहेबांनी सॅक उलटी करून झटकली. मग सगळी खोली पुन्हा उपसली, तेव्हा पुडी निघाली दुर्गाबाईंच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत.

"माझी आहे ती," दुर्गाबाई म्हणाल्या. गंधारने तोंड उघडलं, तसं त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मग मेस्त्रींकडे वळून थकल्या आवाजात विचारलं, "भाऊ, या वेळी बटण दाबलंय ना?"