मळवट

रंगूबाई सुनेच्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरत होत्या. उजव्या भुवईवर आल्यावर त्यांचं बोट थबकलं. तिथं टेंगूळ होतं, कालचं.

"दुखतंय व्हय गं?"

"भरा आत्ती. झाकलं म्हंजी झालं," दीपमाला म्हणाली.

यात्रेची पालखी देवळात परतली की गावाचं सोंगी भजन उभं राहायचं. टाळ आणि पेटीवर गाणं, मधेमधे सोंगं. कथा दरवर्षी रेणुकेचीच. तिला नदीवरून पाणी आणायला उशीर होतो. जमदग्नी ऋषी संशय घेतात आणि पोराकरवी तिचं मुंडकं उडवतात. पोरगा वर मागून आईला उठवतो, आणि उठलेली रेणुका नवऱ्याच्याच पायावर कपाळ टेकवते.

रेणुका दीपमाला, जमदग्नी तिचा नवरा जयराज. "उशीर का झाला?" हे वाक्य जयराज असं काही टाकायचा की बायांच्या अंगावर काटा यायचा. येणारच. घरी रोजची तालीम होती. कुपवाडच्या कारखान्यातून सुटल्यावर दीपमालाची वडापची जीप चुकली, की उंबऱ्यातच हे वाक्य पडायचं आणि त्यामागून हात. शेवटच्या प्रवेशात तिच्या मळवटाचं कुंकू त्याच्या पायाला लागायचं. यात्रा सरली तरी पठ्ठ्या ते धुवायचा नाही. पाय पुढं काढून पारावर बसायचा.

गावाचा एक नेम मात्र कडक होता. मळवट भरलेल्या बाईला नावानं हाक मारायची नाही, आई म्हणायचं, पाया पडायचं. तिच्यावर हात उगारणं तर लांबच. आत्ताही दाढी चिकटवलेला जयराज पडद्यामागं येऊन वाकला. "सांभाळ, आई," म्हणाला. काल ज्या हातानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं, तोच हात तिच्या पायाला लागला. दीपमालाला शिसारी आली. ह्याचा नमस्कार सगळा कुंकवाला होता. तिच्या वाट्याला नुसती चौकट.

भजन रंगलं. रेणुका मेली, वर मागून झाला, म्हाताऱ्या लालासाहेबांनी पेटीवर सूर धरला. दीपमाला पाण्याचं मडकं कमरेवर घेऊन उठली. जयराजनं ऐटीत पाय पुढं केला.

ती वाकली नाही.

लालासाहेबांनी सूर पुन्हा वाजवला.

"टेकीव की गं," जयराज दाढीतून पुटपुटला.

"ज्यांनी डोकं उडवलं, त्यांच्याच पायावर परत कशाला ठिवू?" दीपमाला खणखणीत म्हणाली. "वाईच उशीर झाला हुता. दुसरं काय केलं हुतं मी?"

गावाला वाटलं, यंदा नवा प्रवेश बसवलाय. मागं कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. पण जयराजचं पित्त खवळलं. चारचौघांत बायको उलटून बोलते म्हणजे काय! सवयीनं त्याचा हात वर गेला.

पेटी थांबली.

"जया!" पहिल्या रांगेतून रंगूबाई ओरडल्या. "मळवट हाय तिला! हात झडंल मुडद्या!"

सगळं गाव उठून उभं राहिलं. जयराज मटकन खाली बसला आणि गावादेखत त्यानं बायकोचे पाय धरले. "चुकलं आई, पदरात घे."

दुसरी एखादी इथं थांबली असती. गावापुढं नाक घासलं, आणखी काय हवं? पण उद्या मळवट उतरणार होता आणि चौकट जागच्या जागीच होती. दीपमालानं मडक्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि कपाळावर मारलं. पदरानं खसाखसा पुसलं. कुंकवाचे ओघळ नाकावरून, हनुवटीवरून लुगड्यावर आले. खालचं काळंनिळं टेंगूळ दिव्याच्या उजेडात सगळ्या गावाला दिसलं. रंगूबाईंनी मान खाली घातली.

आजवर दीपमालानं नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतलं होतं.

"आता आई न्हाई, दीपमाला हाय," ती म्हणाली. "उचल हात, जयराज."