सात खर्डे

शेवटचं पान उलटून खानोलकर बाईंनी कपाळावरची पट्टी सोडली. पडद्यावर रोहिदास गावितच्या एम.ए.च्या प्रबंधाचे गुण उमटले. शंभरपैकी एकोणीस.

समोर बसलेला रोहिदास आकड्याकडे बघतच राहिला. "मॅडम, कुठे चुकलं?"

चुकलं कुठेच नव्हतं. प्रश्न नेमका होता, पुरावे त्याने स्वतः सातपुड्यातल्या विहिरींवर फिरून गोळा केले होते, आणि आपला मुद्दा जिथे लंगडा पडतो तेही लपवलं नव्हतं. पण परीक्षकाचं मत विचारणं विद्यापीठाने बंद केलं होतं. मतात वशिला शिरतो म्हणे. आता मार्गदर्शकानेच पट्टी बांधून वाचायचं, आणि वाचताना काही नवं, अनपेक्षित भेटून त्याचा मेंदू किती वेळा चमकला तेवढंच पट्टी मोजायची.

बाईंचा मेंदू चमकणार कसा? दोन वर्षांत त्यांनी या प्रबंधाचे सात खर्डे ओळ न् ओळ तपासले होते. शेजारच्या खोलीतले कर्णिक सर एकही खर्डा उघडत नसत. त्यांची मुलं ऐंशीच्या खाली येत नव्हती.

"मीच जास्त वाचलं रे," बाई म्हणाल्या. रोहिदास उठून गेला.

दारात पहिल्या वर्षाची मेहरून कागद घेऊन उभी होती. "मॅडम, पहिलं प्रकरण बघता का? कुठेतरी अडतंय, पण काय ते कळत नाही."

बाईंनी कागद घेतले, सवयीने लाल पेनचं टोपण काढलं. मग ते परत लावलं आणि कागद तसेच तिच्या हातात दिले.

"छान आहे," त्या न वाचताच म्हणाल्या.