चौकशी कुणी थांबवली

"गुरुजी, आमदारांचं ऑफिस माहितीच्या अधिकारात आलं ते तुमच्यामुळे. आता फुटू दे साहेबांना घाम," म्हणत कारकुनाने फाईल पुढे सरकवली.

गुरुजींची लेक आश्रमशाळेत तापाने गेली, त्याला नऊ वर्षं झाली. आमदारांच्या पत्रावरून चौकशी थांबली, पण ते पत्र कुणी दाखवेना. गुरुजींनी उपोषणं केली, कोर्ट गाठलं. "आमदारांना ती कुणी थांबवायला लावली, त्याचं तोंड मला एकदा बघायचंय," बायको म्हणायची. आत्ताही ती बाहेर बाकावर बसली होती.

पत्राला एक अर्ज जोडला होता. 'मुलगी आधीपासून आजारी होती. आमची तक्रार नाही. चौकशी थांबवावी.' मजकूर टाईप केलेला. खाली सही गुरुजींची.

त्यांना तेराव्याचा दिवस आठवला. आमदार सांत्वनाला आले होते, आणि त्यांच्या पीएने कोरा कागद पुढे केला होता. "गुरुजी, तुम्ही नुसती सही करा. चौकशीसाठी लागेल ते आम्ही लिहितो."

ते बाहेर आले तशी बायको लगबगीने उठली.

"कळलं का हो, कोण तो?" तिने त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं.