गोडं पाणी

दूर दक्षिणेकडच्या ओटावाच्या हॉस्पिटलातून बायको गेल्याचा फोन आला तेव्हा जुसिपीनं गोठलेल्या समुद्रावरून नुकतंच मारून आणलेलं सील स्वयंपाकघरात पुठ्ठ्यावर पडलं होतं. रडून झाल्यावर लेक नाऊया सीलशेजारी बसली. शहरात शिकायला गेल्यापासून तिनं मांस सोडलं होतं. “बाबा, याला दुखलं असेल ना?” “दुखलंच. दुखत नसतं तर तुझ्या आईनं पाणी कशाला पाजलं असतं?” प्रत्येक सीलच्या तोंडात ती आधी वितळवलेल्या बर्फाचं गोडं पाणी घालायची, मगच सुरी लावायची. म्हणायची, “जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलंय, आपल्याला जेवू घालायला आलेल्याला तहानलेलं कसं ठेवायचं?” नाऊयानं आईचा पत्र्याचा मग भरला. “तू तर खात नाहीस.” “मांस सोडलंय, बाबा, पाणी पाजणं नाही.” पाणी सीलच्या ओठांवरून ओघळलं. शेवटच्या घटकेला बायकोला कुणी पाणी पाजलं का, हे फोनवर विचारायचं राहूनच गेलं.