निळा थर

पांढऱ्याखाली लाल निघाला, लालाखाली हिरवा. हिरवाही घासला तेव्हा पिवळा वर आला, आणि ऑस्कर इबाराने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"मॅडम, गाडी संपली," तो म्हणाला. "ह्याच्या खाली नुसते काचेचे धागे आणि राळ."

"मग निळा कुठाय?"

"तेच तर सांगतोय. निळा नाहीच."

ही गाडी शोधण्यात लोर्ना हॅलडेनची अकरा वर्षं गेली होती. व्हेंचुरातल्या एका शेडमध्ये, एकाच साच्यातून, फायबरग्लासच्या अवघ्या नऊ 'किलडीर' निघाल्या होत्या, सगळ्या शर्यतीसाठी. तिसरी तिच्या वडिलांनी, मर्लने घेतली. सत्तावन्न साली विमानांच्या जुन्या धावपट्टीवरच्या एका शर्यतीत ते तिच्यातून फेकले गेले आणि जागीच गेले. लोर्ना तेव्हा चार वर्षांची. वडिलांचा म्हणून तिच्याकडे एक काळापांढरा फोटो होता, आणि आईचं एक वाक्य: "वळणावर निळी गाडी दिसली ना, की माझा श्वास अडकायचा." आई ते मरेपर्यंत सांगत राहिली होती.

चौकटीवर तीनचा आकडा होता. डावी बाजू फुटून पुन्हा सांधलेली होती. सगळं जुळत होतं, रंग तेवढा जुळत नव्हता.

"कुणी निळा खरवडून काढला असेल," लोर्ना म्हणाली.

"कपारीत कुठेतरी राहिलाच असता. आरसा लावून बघितलंय मी."

म्हणून ऑस्करने वेंडेल प्रूइटला बोलावून घेतलं. त्या शेडमध्ये काम केलेला तेवढाच एक माणूस आता जिवंत होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा सकाळी दहाला स्वतः पिकअप चालवत आला. लोर्नाचं नाव ऐकल्यावर त्याने तिचा हात जरा जास्तच वेळ हातात ठेवला. मग गाडीशी गेला, चाकावरच्या कमानीत कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून चाचपत राहिला.

"मर्लचीच," तो म्हणाला. "हे काम माझ्या हातचं आहे. फार जाड थर द्यायचो मी. मालक ओरडायचा, अरे गाडी करतोयस की न्हाणीचा टब?"

"पण पिवळी?" लोर्ना म्हणाली.

"पिवळीच. पहिला थर देताना रंग राळेतच कालवायचो आम्ही. हा मी कालवला. अगदी सॉसेजवरच्या मोहरीच्या सॉससारखा झाला म्हणून मर्लने मला शिव्या घातल्या होत्या."

"आई निळी म्हणायची. तुम्ही विसरला असाल, मिस्टर प्रूइट."

"सकाळी काय खाल्लं ते विसरतो मी, पोरी. हे नाही."

"मग आई शर्यतींना जात नसेल. कुणाकडून तरी ऐकलं असेल तिने."

"कोण, आयरीन?" म्हाताऱ्याला हसू फुटलं, ते त्याने लगेच आवरलं. "एक शर्यत चुकवायची नाही ती. वळणावर गवताचे भारे रचलेले असायचे, त्यांवर चढून उभी राहायची. हातात घड्याळ घेऊन."

"आणि तिला रंग दिसत नव्हता?"

म्हाताऱ्याने टोपी काढली, तिच्या आत बघितलं, पुन्हा घातली.

"निळी माझी होती," तो म्हणाला. "पाच नंबरची."

ऑस्करने जाऊन रेडिओ बंद केला. मग शांतता फारच झाली म्हणून पुन्हा लावला.

लोर्ना गाडीच्या कडेला हात टेकून उभी होती. रागवावं तर कुणावर, हे तिला कळेना. फोटोतल्या माणसाला तिने आईच्या त्या एका वाक्याच्या आधाराने जन्मभर ओळखलं होतं.

"तुमची गाडी कुठाय आता?" तिने विचारलं. विचारायचं होतं भलतंच.

"मर्ल गेला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात विकली. पुन्हा शर्यतीत उतरलो नाही. तुम्ही दोघी फ्रेस्नोला गेलात. एकदा आलो होतो मी. तिने दार उघडलं नाही."

ऑस्कर हलकेच खाकरला. "मॅडम, रंग कोणता मागवू? आज सांगितलं तर सोमवारी येईल."

"पिवळा," लोर्ना म्हणाली. मग म्हणाली, "थांब." ऑस्कर थांबला. "नाही, पिवळाच. मागव."

ती म्हाताऱ्याला पोचवायला पिकअपपर्यंत गेली. त्याने किल्ली फिरवली तेव्हा तिने खिडकीच्या काठावर हात ठेवला.

"बाबांना माहीत होतं?"

म्हातारा समोरच्या काचेतून बघत राहिला.

"मर्ल नेहमी माझ्यापुढे असायचा," तो म्हणाला. "मागे वळून बघायला त्याला सवड कुठे होती?"

त्याने डावीकडे वळायचा दिवा लावला, फाटकाशी गाडी कितीतरी वेळ उभी केली, आणि दिवा तसाच लुकलुकत ठेवून उजवीकडे वळला.